दहा गावं नकोत, एक गल्ली धर

ताई,
मी २६ वर्षांचा आहे, तळेगाव दाभाड्यात राहतो. पुण्यात एका गार्डन कॉन्ट्रॅक्टरकडे सहा वर्षं काम केलं, शेवटची दोन वर्षं सुपरवायझर होतो. फेब्रुवारीत नोकरी सोडून लॉनच्या देखभालीचं स्वतःचं काम सुरू केलं. १४,५०० रुपयांचं ब्रश कटर, म्हणजे खांद्याला अडकवून गवत कापायचं मशीन, घेतलं, एक जुना लॉन मूव्हर दुरुस्त करून घेतला. २,००० हँडबिलं छापून तळेगाव, वडगाव, सोमाटणे, लोणावळा, रावेत अशी पेपरातून वाटली. दोन महिन्यांत तीन कामं आली. लोणावळ्याचं ८०० रुपयांचं, रावेतचं १,००० चं आणि तिसरं इथेच स्टेशनजवळ, घरापासून चालत दहा मिनिटांवर, एका निवृत्त शिक्षक जोडप्याच्या बंगल्यातलं ८०० चं. मदतनिसाची तीन दिवसांची हजेरी १,८०० आणि पेट्रोल ७४० वजा केलं, तर हातात ६० रुपये राहतात. आई म्हणते, नोकरी परत धर. मित्र म्हणतो, पहिली दहा कामं फुकट कर, नाव होईल. मला कायमची गिऱ्हाइकं कशी मिळतील?
– एक वाचक, तळेगाव दाभाडे

पत्रात ताई म्हटलं आहेस, म्हणून मी अरे-तुरेच करते.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या साठ रुपयांपाशी थांबले. धंदा सुरू केलेली बरीच मुलं मला भेटतात. ‘रिस्पॉन्स बरा आहे’ यापुढे त्यांचा हिशेब जात नाही. तू हजेरी धरलीस, पेट्रोल धरलंस आणि उरलेला आकडा न लाजता लिहिलास. तुझ्या आईची काळजी मला समजते, पण एवढ्यात नोकरी धरू नकोस. निदान हा पावसाळा जाऊ दे.

तोच हिशेब आपण पुन्हा मांडू. तुझ्या तिन्ही कामांना जागेवर दीड-दोन तासच लागले असणार, आणि मदतनिसाची हजेरी मात्र प्रत्येक वेळी पूर्ण दिवसाची गेली. एका दिवसात एकच काम झालं. समज, त्या शिक्षकांच्या गल्लीत त्याच दिवशी आणखी दोन बंगले मिळाले असते. तीन कामांचे २,४०० आले असते, हजेरी तीच ६०० गेली असती आणि पेट्रोल मशीनपुरतं लागलं असतं. सतराशेच्या आसपास तुझ्या खिशात राहिले असते, तेही एका दिवसात. तुझ्या दरात काही चूक नाही. पैसे रस्त्यात गेले.

म्हणून हँडबिलं आता ठेवून दे. पाच गावांत पेपरातून टाकलेला कागद पाच दिशांची गिऱ्हाइकं आणतो, आणि गाडीला मशीन बांधून पाच दिशांना धावणं तुला परवडणार नाही. शिवाय विचार कर, कोणाही माणसाला, विशेषतः घरात एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांना, अनोळखी मुलाला कंपाउंडच्या आत घ्यायला भीती वाटते. आत येणारा माणूस माहितीतला हवा असतो. ती माहिती कागदातून मिळत नाही, शेजारच्या घरातून मिळते.

तुझ्याकडे ते शेजारचं घर आहे. ते शिक्षकांचं. पत्रात तू त्यांच्यावर एकच ओळ लिहिलीस आणि पुढे गेलास! त्यांनी काम झाल्यावर काय म्हटलं, पुन्हा कधी जायचं ठरलं, काहीच लिहिलं नाहीस. माझा अंदाज आहे की त्यांनी ‘लागलं की कळवतो’ म्हटलं आणि तू ‘बरं’ म्हणून निघालास. आपल्या कामात सगळ्यांत जास्त गिऱ्हाइकं इथेच गळतात. गवत काही एका दिवशी अचानक वाढत नाही, रोज थोडं थोडं वाढतं. त्यामुळे फोन करायचा दिवस घरातल्या माणसाला कधी उजाडल्यासारखा वाटतच नाही. तारीख आपण द्यायची. गेट लावण्याआधी म्हणायचं, ‘काका, आज दहा तारीख. पाऊस नसताना वीस दिवस पुरतं. तीस तारखेला सकाळी साडेनऊला येतो, आदल्या संध्याकाळी फोन करीन.’ एका कार्डावर ती तारीख लिहून हातात द्यायची, कार्डाच्या मागे तुझा यूपीआयचा क्यूआर छापून घे. मी पंचवीस वर्षं हे काम केलं आणि तारीख न ठरवता परतल्याचा पश्चात्ताप मला जितक्या वेळा झाला, तितका दर कमी लावल्याचाही झाला नाही.

आता त्या गल्लीबद्दल. येत्या रविवारी सकाळी सातला वही घेऊन तिथून एक चक्कर मार, मशीन नेऊ नकोस. कुठल्या घरापुढे लॉन आहे आणि त्यातलं गवत कुठल्या जातीचं आहे, मेक्सिकन आहे, सिलेक्शन वन आहे की आपली साधी हरळी आहे, हे कुंपणाबाहेरून दिसतं तेवढं टिपून घे. आंब्याच्या सावलीत सिलेक्शन लावून ते विरळ झालंय का, मेक्सिकनचे उंचवटे येऊन खालचं गवत पिवळं पडलंय का, लव्हाळ्याचं तण वर आलंय का. शंभर पावलांच्या गल्लीत लॉन असलेली आठ-दहा घरं निघाली तर पुष्कळ झाली. या वहीमुळे तू पुढे ज्या दारात उभा राहशील तिथे ‘साहेब, लॉनचं काही काम आहे का?’ असं विचारणार नाहीस. त्यांच्याच लॉनबद्दल एखादी खरी गोष्ट बोलशील.

आणि दारात उभं राहायला तुला निमित्तही हवं. ते तुझ्या मशीनच्या आवाजात आहे. ब्रश कटरचा आवाज चार घरं ऐकू जातो आणि त्याच्या फिरणाऱ्या नायलॉनच्या दोरीने उडालेला खडा गाडीची काच फोडू शकतो. मी सुरुवातीच्या वर्षात एका शेजाऱ्याच्या गाडीची मागची काच अशीच फोडली होती. ती भरून द्यायला माझी पूर्ण महिन्याची कमाई गेली, पण त्या दिवसापासून जी सवय लागली तिने मला पुढे अनेक गिऱ्हाइकं दिली. कामाच्या आदल्या संध्याकाळी मी दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घराची बेल वाजवायला लागले. ‘काकू, उद्या साडेनऊला शेजारी गवत कापायचं मशीन लावणार आहे, अर्धा-पाऊण तास आवाज होईल. गाडी तेवढी आत घ्याल का? दोरीवर कपडे असतील तर ते दुपारी घाला.’ एवढंच बोलायचं. काही विकायचं नाही. दुसऱ्या दिवशी काम संपलं की पुन्हा बेल वाजवून ‘झालं, आता आवाज नाही’ सांगायचं. माणसं स्वतःहून विचारतात, ‘आमच्याकडचं किती घ्याल?’ सगळी विचारत नाहीत, पण तीन दारांतलं एखादं विचारतंच, असा माझा अनुभव आहे. ज्याने न मागता आपल्या गाडीची काळजी केली, त्याला कुंपणाच्या आत घ्यायला माणूस बिचकत नाही.

वेळ मात्र पाळ. निवृत्त माणसांच्या गल्लीत दुपारी एक ते चार बेलही नको आणि मशीनही नको. आणि खडे उडू नयेत म्हणून गेटच्या बाजूने प्लायचा एक तुकडा किंवा हिरवी जाळी उभी धरायला मदतनिसाला शिकव. पायात गमबूट दोघांच्याही हवेत. मावळातल्या वाढलेल्या गवतात घोणस असू शकते, हे तुला मी वेगळं सांगायला नको.

आता फुकट कामाबद्दल. तुझ्या मित्राचा हेतू चांगला आहे, पण त्याचं ऐकू नकोस. फुकट काम करून घेणारा माणूस त्या कामाकडे नीट बघतही नाही, आणि दुसऱ्या वेळी पैसे सांगितले की त्याला आपण फसवल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा पूर्ण दर घे आणि त्या दरात लोकांनी कधी पाहिलं नसेल इतकं स्वच्छ काम दे. फरशीच्या आणि फुलांच्या वाफ्यांच्या कडा हातकात्रीने सरळ कर. कापलेलं गवत गेटबाहेर ढीग करून ठेवू नकोस, एक तर त्यांच्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाक नाही तर पोत्यात भरून घेऊन जा. या कामात मी ऐकलेल्या सगळ्यांत जास्त तक्रारी त्या ढिगाच्या होत्या. रस्त्यावर उडालेलं गवत खराट्याने झाडून काढ, शेजारच्या दारापुढचंही. निघताना गेटची कडी लागली का, ते स्वतः बघ. घरात कुत्रा असतो.

दर कसा सांगायचा, हे तू विचारलं नाहीस, पण मी सांगणार आहे, कारण इथेच वर्ष बिघडतं. तू एका कापणीचा दर सांगतोस. आपल्या भागात पावसाळ्याचे चार महिने गवत दर दहा दिवसांनी कापावं लागतं, म्हणजे बारा कापण्या. उरलेल्या आठ महिन्यांत थंडीत वाढ मंदावते, उन्हाळ्यात पाण्यावर अवलंबून असते; सरासरी महिन्याला दीड धरली तर आणखी बारा. वर्षाच्या चोवीस कापण्या. ८०० प्रमाणे १९,२०० झाले, बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला १,६००. गिऱ्हाइकाला जुलैत तीन कापण्यांचे २,४०० एकदम द्यावे लागत नाहीत आणि तुला जानेवारीत हात बांधून बसावं लागत नाही. अशी पाच घरं एका गल्लीत झाली की महिन्याचे ८,००० ठरलेले. पण वर्षाचं बोलणं पहिल्याच भेटीत करू नकोस. पहिल्या दोन कापण्या सुट्या होऊ देत. तिसऱ्या वेळी तू साडेनऊला दारात दिसलास की ते स्वतःच ‘महिन्याचं काय ते ठरवून टाका’ म्हणतील. तेव्हा १,६०० सांग, आणि त्यात काय आहे, काय नाही, हे चार ओळींत लिहून दे. लाल माती, शेणखत, औषध यांचे पैसे वेगळे. पैसे महिन्याच्या पाच तारखेपर्यंत.

या सगळ्यात एक माणूस आहे ज्याचा विचार तू पत्रात कुठेच केलेला नाहीस. त्या गल्लीत आधीपासून येणारा माळी. आठ-दहा घरांपैकी निम्म्या घरी तरी कोणीतरी सायकलवर येत असेल, कुंड्यांना पाणी घालत असेल, गुलाब छाटत असेल आणि लॉन कातरीने बसून कापत असेल. त्याच्याकडे मशीन नाही. त्याचे गुडघे दुखत असतात. नवा मुलगा मशीन घेऊन गल्लीत आला की त्याच्या पोटात गोळा येतो.

मी सुरुवातीला एका मोठ्या बंगल्याचं पूर्ण काम घेतलं, तेव्हा तिथे बारा वर्षं येणाऱ्या माळीकाकांचं काम गेलं. मालकाने त्यांना सांगितलंही नाही. ते सकाळी नेहमीसारखे आले आणि मला आत पाहून गेटवरूनच परत गेले. ते मला अजून आठवतं. तू तसं करू नकोस, आणि मी हे केवळ माणुसकी म्हणून सांगत नाही. गल्लीतल्या प्रत्येक मालकिणीचा विश्वास त्याच्यावर आहे. ‘तो मुलगा कसा आहे?’ हे ती त्यालाच विचारणार आहे. म्हणून आधी त्याला भेट. त्याला म्हण, ‘काका, झाडं तुमचीच. लॉन तेवढं मी मशीनने कापून देतो, तुमच्या नावावर. तुम्ही मालकांकडून घ्या आणि मला माझे द्या, किंवा मी घेतो आणि तुमचा वाटा तुम्हाला देतो.’ मशीन असलेला पोरगा हाताशी असला तर तो आणखी दोन घरं घेऊ शकतो. तुझी पहिली पाच गिऱ्हाइकं कदाचित बंगलेवाले नसतीलच, असे दोन माळीकाका असतील. स्टेशन भागात आणि यशवंतनगरला त्यांना शोधायला तुला वेळ लागणार नाही, सकाळी सात वाजता चहाच्या टपरीवर भेटतील.

नर्सरीवाल्यांचंही तसंच. लोक सोरतापवाडी-उरुळी कांचनहून आलेलं लॉन हौसेने लावून घेतात आणि सहा महिन्यांनी तक्रार घेऊन नर्सरीत उभे राहतात. नर्सरीवाल्याला विकण्यात रस असतो, पुढच्या देखभालीला त्याच्याकडे माणूस नसतो. तुझं कार्ड तिथे ठेवायला तो नाही म्हणणार नाही, फक्त त्याने पाठवलेल्या घरी काय झालं ते त्याला नंतर येऊन सांगत जा.

तुझी खरी पुंजी तुझी सहा वर्षं आहेत, आणि ती गिऱ्हाइकाला दिसली पाहिजेत. मे महिन्यात कोणी म्हणेल, ‘एकदम बारीक काप, म्हणजे महिनाभर बघायला नको.’ ‘हो’ म्हणू नकोस. त्यांना गवताचं पातं दाखवून सांग की एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापलं तर मुळं कमकुवत होतात, उन्हात जमीन तापते आणि गवत वाळून मोकळ्या जागेत लव्हाळा शिरतो. लव्हाळ्याबद्दलही खरं बोल. वरून उपटला तर जमिनीतल्या गाठी तशाच राहतात आणि पुन्हा फुटतात. एका दिवसात तो संपवून देतो म्हणणाऱ्याचं तोंड पुढच्या महिन्यात बंद होतं. आणि हुमणी. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर भुंगेरे जमतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांच्या अळ्या, म्हणजेच हुमणी, गवताची मुळं खातात आणि लॉनचा तुकडा चटईसारखा हातात उचलून येतो. पिवळ्या पडलेल्या डागाला पाणी कमी पडलंय असं समजून लोक नळी सोडत बसतात. तू तो तुकडा उचलून खालची पांढरी अळी एकदा मालकाला दाखव. त्यानंतर त्या घरातून तुला कोणी हलवणार नाही.

मूव्हरचं पातं दर आठवड्याला धार लावून घे. बोथट पात्याने गवत कापलं जात नाही, फाटतं, आणि दोन दिवसांनी सगळ्या लॉनची टोकं करडी दिसतात. नेमकी तेव्हा शेजारीण बघत असते.

सोसायट्यांच्या मागे आत्ता लागू नकोस. तिथे तीन कोटेशनं मागतात, कमिटी बदलली की माणूस बदलतो, आणि बिल निघायला दोन-तीन महिने लागू शकतात. तेवढं भांडवल तुझ्याकडे नाही. मला एका मोठ्या सोसायटीने पाच महिने पैसे दिले नव्हते, तेव्हा मी माणसांची हजेरी दागिना ठेवून दिली होती. सोसायटीचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायची असते, त्यामुळे कंत्राट बदलायचा विचार याच दोन वेळी होतो. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत जा. तोवर छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करून ठेव, ती ऑनलाइन आणि फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नकोस. सेवेच्या व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची सक्ती नाही, म्हणून आत्ताच कोणी घाबरवलं तर घाबरू नकोस.

लोणावळ्याच्या गिऱ्हाइकाला मात्र सोडू नकोस, तो पुढच्या वर्षीचा माणूस आहे. तिथले मालक मुंबईत असतात, शुक्रवारी रात्री येतात, आणि त्यांना गवत शनिवारी सकाळी कापलेलं हवं असतं. तिथे तीन-चार बंगले एकमेकांजवळ मिळाले की गुरुवारचा पूर्ण दिवस लोणावळ्याला द्यायचा आणि त्याच जागेवरून काढलेला आधीचा-नंतरचा फोटो मालकाला पाठवायचा. तोवर एकट्या कामासाठी बोलावलं तर जाण्या-येण्याचा खर्च वेगळा सांग. रावेतच्या गिऱ्हाइकालाही तसंच सांग. तो नाही म्हणाला तर त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

आता मे महिना आहे. तुझ्याकडे जेमतेम चार आठवडे आहेत. पहिला पाऊस पडून दहा-बारा दिवस झाले की तळेगावातलं प्रत्येक लॉन भराभर वाढतं आणि सगळ्यांना एकाच आठवड्यात माणूस हवा असतो. तेव्हा जो ओळखीचा असेल त्याला फोन जातो. या चार आठवड्यांत कापायला फारसं नसेल, पण लॉनला काटे मारून जमीन मोकळी करायची, चाळलेलं शेणखत आणि लाल माती पसरायची हीच वेळ आहे. दारात बोलायला हे चांगलं काम आहे, कारण पंधरा दिवसांत त्याचा हिरवा फरक शेजाऱ्यांनाही दिसतो.

तर आज संध्याकाळी सहानंतर त्या शिक्षकांना फोन कर. काम मागू नकोस. विचार, ‘मागच्या वेळी कापलं ते कसं वाटलं? पावसाआधी माती घालायची असेल तर मी येऊन बघून जातो.’ ते हो म्हणाले की तारीख ठरव. तारखेच्या आदल्या दिवशी त्यांच्या शेजारची गाडी बाहेर उभी असेल, ती आत घ्यायला सांगायला जा. आणि त्या दोन-तीन बेलांचं काय झालं ते मला जूनच्या शेवटी लिहून कळव, यावेळी हिशेबासकट.